कुलूप पाहिलं, घर कोणाचं ते राहिलं

काका, सादर नमस्कार.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी सहा एकर वावर, त्यात कपाशी आणि तूर. विहिरीला पाणी आहे, पण थ्री फेज लाइन रात्रीची येते, म्हणून बाबांनी सौर पंपाचा अर्ज केला होता. मागच्या आठवड्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक आली, ‘यादी लागली, आजच नोंदणी शुल्क भरा’. बाबांनी मला पाहायला सांगितलं. वर राजमुद्रा होती, मंत्र्यांचे फोटो होते, पत्ता महावितरणचा असतो तसा ‘महाडिस्कॉम डॉट इन’ असाच सुरू होत होता आणि कुलपाचं चिन्हही होतं. कुलूप असलं की साइट सुरक्षित, असं आम्हाला शिकवलेलं. मीच म्हटलं, भरा बाबा. ५,६०० रुपये गेले. त्यानंतर तो नंबर बंद.

आता बाबा म्हणतात, ‘त्या मोबाईलात सारं खोटंच असते, मले काही दाखवू नको.’ फवारणीसाठी विद्यापीठाचं पान दाखवलं तरी पाहत नाहीत, दुकानदार सांगेल ते आणतात. खरं सांगू का, मलाही आता भरवसा उरला नाही. पत्ता नेमका वाचायचा कसा? आणि पत्ता खरा निघाला तरी आत लिहिलेलं खरं कशावरून?

– एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

बेटा, अनेक आशीर्वाद.

पुढचं सगळं नंतर वाच. आधी १९३० ला फोन लाव. सायबर फसवणुकीसाठी देशभर हा एकच क्रमांक आहे. फोन करताना ज्या व्यवहारात पैसे गेले त्याचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ आणि ज्या नावावर पैसे गेले ते नाव हाताशी ठेव. यूपीआय ॲपच्या जुन्या व्यवहारांत हे सगळं सापडतं. तीच तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही करता येते. असे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे पळवले जातात. तक्रार लवकर गेली तर वाटेतल्या एखाद्या खात्यात ते गोठवता येतात. आठवडा उलटलाय, त्यामुळे पैसे परत येतीलच असं मी म्हणणार नाही. तरी तक्रार करच, कारण त्याच खात्यावर आणखी कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे जात असतील.

त्या साइटने एखादं ॲप उतरवून घ्यायला लावलं होतं का, तेही आठवून बघ. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाक आणि ते ॲप काढून टाक. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळव आणि पिन बदल. ‘पीएम किसान’च्या नावाने अशा फाइली व्हॉट्सॲपवर भरपूर फिरल्या आहेत. अजून एक सांगून ठेवतो. ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा’ असा फोन येऊ शकतो. एकदा फसलेल्यांचे नंबर या लोकांकडे असतात. तो फोन बाबांनी उचलला तर काय बोलायचं, हे आजच घरात ठरवून ठेवा.

आता तुझ्या मनात जे टोचतंय त्याबद्दल. ‘मीच म्हटलं, भरा बाबा.’ पत्रातलं हे वाक्य मी दोनतीनदा वाचलं. कुलपाचा धडा तुला कुणी शिकवला ते मला ठाऊक नाही, पण मी तो शेकडो पोरापोरींना शिकवला आहे. तालुक्याच्या एका संगणक वर्गात बरीच वर्षं मी फळ्यावर कुलूप काढायचो आणि खाली लिहायचो, ‘हे दिसलं तर बिनधास्त’. ते शिकवणं अर्धवट होतं. त्याची जबाबदारी तुझ्यासारख्या मुलींवर टाकणं मला पटत नाही.

कुलूप एवढंच सांगतं की तुझा फोन आणि समोरची साइट यांच्यामधल्या वाटेवर कुणी तिसरा तुमचं बोलणं वाचू शकत नाही. पत्त्याच्या सुरुवातीचं एचटीटीपीएस, त्यातलं शेवटचं ‘एस’, तेही हेच सांगतं. म्हणजे पाकीट चिकटवून पाठवलं आणि वाटेत कुणी फोडलं नाही. पण पाकीट पोचलं कुणाच्या घरी? चोराच्या घरी गेलं तरी ते चिकटवलेलंच गेलं. हे कुलूप लावायला लागणारं प्रमाणपत्र आज फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, त्यामुळे भामट्यांच्या साइटवरही ते सर्रास असतं. गूगलने २०२१ मध्ये लोकांना या चिन्हाचा अर्थ विचारला, तेव्हा अभ्यासात भाग घेतलेल्यांपैकी फक्त ११ टक्क्यांना तो नीट सांगता आला. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरमधून कुलपाचं चिन्हच काढून टाकलं आणि तिथे सेटिंगच्या दांड्यांसारखं चिन्ह आणलं. इतर काही ब्राउझरमध्ये कुलूप अजून दिसतं. आणि पानाच्या आत कुणी हिरवं कुलूप नुसतं रंगवून ठेवलं असेल तर त्याला तेवढाही अर्थ नाही. तू चुकलीस ती शंभरातल्या एकोणनव्वद जणांसारखीच चुकलीस.

मग पाहायचं काय? पत्ता. आणि तो शेवटाकडून.

तू पत्राखाली लिहिलंस, ता. घाटंजी, जि. यवतमाळ. पोस्टातला माणूस हे कसं वाचतो? आधी पिनकोड आणि जिल्हा, मग तालुका, मग गाव, सगळ्यात शेवटी घरधन्याचं नाव. नाशिकला टपाल वेगळं करणाऱ्याला तुमच्या घराशी काही देणंघेणं नसतं, त्याला थैली यवतमाळकडे टाकायची असते. वेबचा पत्ताही असाच मांडलेला आहे. लहान गोष्ट डावीकडे, मोठी उजवीकडे. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने नावांची ही व्यवस्था मांडली, तेव्हापासून संगणक नाव उजवीकडूनच शोधत येतात. तुझा फोन आधी विचारतो, ‘इन’चं दप्तर कुठे आहे. आपल्या देशाचं ते दप्तर निक्सी नावाची संस्था सांभाळते. तिथे विचारतो, या दप्तरात ‘महाडिस्कॉम’ कोण. ते सापडलं की त्या महाडिस्कॉमला विचारतो, तुझ्याकडे अमुक विभाग कुठे आहे. उजवीकडच्याने परवानगी दिल्याशिवाय डावीकडे काही उभं राहत नाही. आपण मात्र डावीकडून वाचायला लागतो आणि ओळखीचं नाव दिसलं की तिथेच थांबतो.

तुझाच प्रसंग घेऊ. पत्ते मी देवनागरीत लिहितोय, मोबाईलवर ते इंग्रजी अक्षरांत दिसतील. महावितरणचं सौर पंपाचं खरं पोर्टल आहे ‘ऑफग्रिडॲगसोलरपंप डॉट महाडिस्कॉम डॉट इन’. शेवटून वाच. इन म्हणजे भारत. महाडिस्कॉम हा धनी. डावीकडचं लांबलचक नाव म्हणजे त्या धन्याच्या वाड्यातली एक खोली. आता तू पाठवलेला पत्ता बघ. त्यातलं मधलं नाव मी बदलून लिहितो, नाहीतर कुणीतरी ते टाकून पाहील. ‘महाडिस्कॉम डॉट इन डॉट सौरअर्ज डॉट ऑनलाइन’. शेवटून वाच. शेवटी ‘ऑनलाइन’. असं नाव कुणालाही थोड्या पैशात विकत मिळतं. त्याच्या आधी ‘सौरअर्ज’. हा इथला धनी. आणि ‘महाडिस्कॉम डॉट इन’ ही सौरअर्जवाल्याने आपल्या घरातल्या खोलीवर लावलेली पाटी. वावरातल्या कोठ्यावर कुणी ‘जिल्हाधिकारी कार्यालय’ असं रंगवलं तर आत कलेक्टर बसत नाहीत. पण वेबवर कोठा दिसत नाही, पाटीच तेवढी दिसते.

वाचायला सुरुवात नेमकी कुठून करायची, हेही समजून घे. एचटीटीपीएसनंतर दोन तिरप्या रेघा येतात, त्या सोडून दे. वेब ज्यांनी बनवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनीच २००९ मध्ये कबूल केलं होतं की त्या दोन रेघांची तशी गरज नव्हती. त्या दोन रेघांच्या पुढे जी पहिली एकटी तिरपी रेघ येते ती शीव. शिवेच्या आत, डाव्या बाजूला, धन्याचं नाव असतं. शिवेच्या उजवीकडे काहीही लिहिलेलं असलं, अगदी ‘जीओव्ही डॉट इन’ लिहिलेलं असलं, तरी तो त्याच घरातला एखादा कागद असतो. म्हणून शिवेवर बोट ठेवायचं आणि तिथून डावीकडे एकेक ठिपका मागे यायचं. मोबाईलच्या अरुंद पट्टीत पत्ता पूर्ण दिसत नाही. पट्टीवर बोट दाबून तो उघडून वाचायची सवय लाव.

एका ठिकाणी थोडं सावध राहावं लागतं. काही पत्त्यांत शेवटचे दोन तुकडे मिळून एक ‘जिल्हा’ होतो. जीओव्ही डॉट इन, एसी डॉट इन, सीओ डॉट इन, हे असे जोडजिल्हे. तिथे धनी तिसऱ्या तुकड्यात असतो. ‘भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’ यात जीओव्ही डॉट इन म्हणजे सरकार, महाभूमी म्हणजे भूमी अभिलेख, भूलेख म्हणजे सातबारा पाहायची खिडकी. ‘विश्वकोश डॉट मराठी डॉट जीओव्ही डॉट इन’ हा पत्ता आता तू स्वतः सोडवून बघ. जीओव्ही डॉट इन सरकारी कार्यालयांनाच मिळतं, एसी डॉट इन शिक्षणसंस्थांना. आपल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा पत्ता पीडीकेव्ही डॉट एसी डॉट इन आहे. बँकांसाठी आता बँक डॉट इन असा वेगळा जोडजिल्हा आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये तो आणला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी तिकडे यावं असं सांगितलं. उलट सीओ डॉट इन, डॉट कॉम, डॉट ओआरजी ही नावं कुणीही घेऊ शकतो. ओआरजी म्हटलं की लोकांना सेवाभावी संस्था वाटते, पण तसं तपासून ते कुणी देत नाही. २०१४ पासून शेवटी ‘डॉट भारत’ असलेले देवनागरी पत्तेही मिळतात. नाव देवनागरीत आणि शेवटी भारत दिसलं म्हणून ते सरकारी ठरत नाही.

आणि इथे लोक दुसऱ्या टोकाला जातात. ‘जीओव्ही डॉट इन नसेल ते सारं बोगस.’ असं धरून चालशील तर महावितरणही बोगस ठरेल, कारण त्यांच्या पत्त्यात जीओव्ही नाही. रेल्वे तिकिटांची आयआरसीटीसी सीओ डॉट इनवर आहे. म्हणून खरा पत्ता मिळवायचा तो लिंकमधून नाही, घरात आधीपासून असलेल्या कागदावरून. विजेच्या छापील बिलावर महावितरणचा पत्ता असतो, पासबुकावर बँकेचा. तो हाताने टाकायचा. सर्च करून जायचं झालं तर सगळ्यात वर ‘प्रायोजित’ लिहिलेले निकाल असतात, ते पैसे देऊन लावलेले असतात. भामटेही पैसे देऊ शकतात.

अक्षरांची लबाडी निराळी. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरं चिकटून आली की मोबाईलवर ती ‘एम’ वाटतात, आणि महाडिस्कॉम एमनेच सुरू होतं. ‘ओ’च्या जागी शून्य, ‘एल’च्या जागी एक. डोळ्यांनी हे पकडणं माझ्यासारख्या चष्मेवाल्याला कठीण आहे, म्हणून पुन्हा तेच सांगतो, हाताने टाक. लहान केलेल्या लिंका आणि क्यूआर कोड यांत पत्ता झाकलेलाच असतो. उघडल्यावर वरच्या पट्टीत कुठे पोचलो ते वाचल्याशिवाय काही भरू नकोस. व्हॉट्सॲपवर लिंकसोबत चित्र आणि मथळा दिसतो, तो साइट बनवणाराच ठरवतो. त्यात राजमुद्रा टाकायला त्याला कुणी अडवत नाही.

पत्त्याशिवायही एक गोष्ट त्या दिवशी तुम्हाला वाचवू शकली असती, ती म्हणजे योजनेची माहिती. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने पंपाच्या किमतीचा १० टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, बाकीचं अनुदान. तो हिस्सा महावितरणच्या पोर्टलवर आपल्या अर्जाच्या क्रमांकावर भरायचा असतो. ‘आजच्या आज नोंदणी शुल्क’ हा प्रकार भामट्यांचा आवडता आहे. सौर पंपांच्याच केंद्राच्या कुसुम योजनेच्या नावाने असं शुल्क उकळणाऱ्या साइट निघाल्या म्हणून केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला पुन्हा पुन्हा जाहीर इशारे द्यावे लागले. घाई कोण करतं, हे नेहमी बघ. जमिनीच्या व्यवहारातही ‘आज इसार दिला नाही तर दुसरा गिऱ्हाईक उभा आहे’ म्हणणाऱ्याकडे बाबा कसे पाहतात ते तुला ठाऊक असेल.

तुझा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. पत्ता खरा, पण आतलं खरं कशावरून?

पत्ता फक्त बोलणारा कोण ते सांगतो. तो खरं बोलतोय का, हे त्याच्याच घरात बसून कळत नाही. आपल्याकडे सोयरीक जुळवताना काय करतात? मुलाच्या घरी चहा-पोहे होतात, घर दाखवतात, नोकरी सांगतात. ते सगळे ऐकून घेतात आणि मग कुणीतरी मामा गुपचूप त्या गावच्या पारावर जाऊन बसतो, शेजाऱ्याला विचारतो, सोसायटीत विचारतो, एसटी स्टँडवरच्या चहावाल्याला विचारतो. चौकशी खरी तिथे होते. वेबवर मात्र शिकलेली माणसंसुद्धा घरातच चौकशी करतात. साइटचं ‘आमच्याविषयी’ वाचतात, छपाई नीट आहे का ते बघतात, आणि समाधान झालं की परततात.

यावर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी एक अभ्यास केला, तो २०१७ मध्ये बाहेर आला. त्यांनी डॉक्टरेट झालेले १० इतिहासकार, २५ विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणं हाच धंदा असलेले १० जण यांना वेगवेगळ्या साइट तपासायला दिल्या. त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्था होत्या, नावं अगदी जुळी वाटावीत अशी. एक देशातल्या हजारो डॉक्टरांची जुनी संघटना, दुसरी तिच्यातून फुटून निघालेला लहानसा गट. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि देखण्या मांडणीला, भारदस्त नावाला बरेच जण भुलले. तपासणाऱ्यांनी मात्र ते पान जवळजवळ वाचलंच नाही. थोडं पाहून लगेच दुसरे टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधलं. त्यांना कमी वेळात योग्य उत्तर मिळालं. म्हणजे ते पारावर गेले.

तूही तसंच कर. अनोळखी साइट दिसली की तिच्या धन्याचं नाव नव्या टॅबमध्ये टाक आणि जोडीला ‘फसवणूक’ किंवा ‘तक्रार’ हा शब्द टाकून बघ. वर्तमानपत्रात काही आलंय का, विद्यापीठाने काही म्हटलंय का, ते बघ. दहा ठिकाणी तेच वाक्य शब्दशः सापडलं तर ते दहा साक्षीदार धरू नकोस, एकाचंच नऊ जणांनी उतरवून घेतलेलं असतं. सर्चमध्ये हल्ली वरच यंत्राने तयार केलेलं उत्तर येतं. ते कुठल्या पानांवरून काढलंय ते खाली दिलेलं असतं, ती पानं उघडून वाच. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, तिथेही लेखाच्या तळाशी संदर्भ आहेत की नाहीत ते आधी बघ. केंद्र सरकारच्या नावाने काही फिरत असेल तर पीआयबी या केंद्राच्याच माहिती कार्यालयाचा फॅक्ट चेक विभाग त्याचाच छडा लावतो.

आता फवारणी. इथे मी तुझ्याशी जरा कडक बोलणार आहे, कारण आपल्या जिल्ह्याने याची किंमत मोजली आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, कितीतरी जण दवाखान्यात भरती झाले. दोनतीन औषधं एकत्र करून फवारा, असं कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं असायचं. तेव्हा ती गोष्ट तोंडी फिरायची, आज तीच व्हिडिओत फिरते. म्हणून औषधाच्या माहितीला मी पैशाच्या लिंकइतकंच धोक्याचं मानतो.

विद्यापीठाचं पान तू दाखवलंस हे चांगलं केलंस, पण त्या पानावरची तारीख पाहिली होतीस का? एक उदाहरण देतो. मोनोक्रोटोफॉस हे औषध आपल्याकडे वर्षानुवर्षं कपाशीवर मारलं जायचं. जुन्या पुस्तिकांत, जुन्या पानांवर त्याचं नाव सापडेल. २०२३ मध्ये केंद्राने त्याच्या ३६ टक्के एसएल या प्रकारावर बंदीचा आदेश काढला. म्हणजे पत्ता खरा, संस्था खरी, लिहिणारा जाणता, लिहिलं तेव्हा बरोबर, आणि आज ते वापरायचं नाही. तारीख नसलेलं शेतीचं पान मी वाचून सोडून देतो, त्यावरून फवारत नाही.

आणि मग ताळा घ्यायचा डब्याशी. डब्यावरचं लेबल हे कीटकनाशक कायद्याखाली मंजूर होऊन आलेलं असतं. कोणतं पीक, कोणती कीड, किती मात्रा, फवारल्यावर तोडणीला किती दिवस थांबायचं, सगळं त्यात असतं. लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषारीपणा सांगतो, लाल सगळ्यात जहाल. लेबलवर कपाशी नसेल तर व्हिडिओत कुणी काहीही सांगो, ते कपाशीवर मारायचं नाही. शंका असली तर १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या फुकट क्रमांकावर मराठीत विचारता येतं, कृषी विज्ञान केंद्रात जाता येतं.

बाबा दुकानदाराकडे जातात याचा राग मानू नकोस. दुकानदाराला माल विकायचा असतो हे खरं, पण तो बिल देतो, त्याचं दुकान उद्याही तिथेच असतं, चुकलं तर त्याला जाऊन विचारता येतं. त्या लिंकवाल्याकडे यातलं काहीच नव्हतं. बाबांची परीक्षा चुकीची नाही. फक्त तिच्यात लेबल आणि तारीख एवढी भर घालायची.

बाबांचा विश्वास परत कसा मिळवायचा, हे तू सरळ विचारलं नाहीस, पण पत्रभर तेच आहे. त्यांना व्याख्यान देऊ नकोस. ते आयुष्यभर कागद तपासत आले आहेत. वावर घ्यायचं म्हटलं तर सातबाऱ्यावर नाव कोणाचं, फेरफार झाला का, वारस किती, बोजा आहे का, शीव कुठली, हे त्यांना तुझ्या-माझ्याहून चांगलं कळतं. एकदा बियाणं बोगस निघालं म्हणून कुणी पेरणं सोडत नाही. पुढच्या वर्षी पिशवीचा टॅग आणि पक्कं बिल जपून ठेवतो. एखाद्या संध्याकाळी भूलेखचा तो पत्ता हाताने टाक, तुमच्याच गटाचा सातबारा उघड आणि फोन त्यांच्या हातात दे. त्या पत्त्यात धनी कोण, शीव कुठे, हे त्यांनाच बोट ठेवून सांगू दे. सही असलेला उतारा हवा असेल तर तो डिजिटल सातबाऱ्याच्या खिडकीवर १५ रुपयांत निघतो. आपलं नाव, आपलं क्षेत्र तिथे बरोबर दिसलं की मोबाईलात सारं खोटं नसतं, हे तुला बोलून दाखवायची गरज पडणार नाही.

एक काम मात्र तुलाच करावं लागेल. ग्रुपवर ती लिंक अजून पडून असेल. ज्याने पाठवली तो आपल्याच गावचा, त्यालाही दुसरीकडून आलेली असणार. त्याच्यावर न घसरता तिच्याखाली लिही, ‘ही साइट महावितरणची नाही. शेवटचं नाव वाचा. आमचे ५,६०० गेले, १९३० वर तक्रार केली आहे. आणखी कुणाचे गेले असतील तर सांगा, सोबत तक्रार करू.’ लाजेपोटी गप्प बसलेली दोन घरं तरी तुमच्या गावात असतील.

तक्रारीचा क्रमांक मिळाला की मला कळव.

तुझा,
काका